टोचणीच्या बांगड्या

गेल्या आठवड्यात चावडीच्या भिंतीवर कोणी तरी गेरूने मोठाली अक्षरं लिहून गेलं. देवीचा रोगी कुठे आढळला तर दवाखान्यात कळवा, बक्षीस मिळेल. पाणी घेऊन येताना मी ते वाचलं आणि तेव्हापासून माझं कशात चित्त नाही. तव्यावरची भाकर करपते. निवडलेल्या डाळीत खडे राहून जातात आणि जेवताना घरातल्यांच्या दाताखाली येतात. काय झालं म्हणून विचारतात, तर मी काही नाही म्हणते. खरंच काही झालेलं नाही. गावात आता कुणाला देवी येत नाहीत. ज्याच्यासाठी बक्षीस लावलं आहे ते कुणापाशीच नाही.

विहिरीवर बायका त्याची थट्टा करतात. शेजारची सुमन काल म्हणाली, "रोगी कुठून आनावा वं आता? आमच्या बुढीच्या तोंडावरचे वण चालतीन काय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण बक्षीस म्हटलं की माझा हात आपोआप दुसऱ्या हाताच्या मनगटावर जातो आणि बांगड्या मागे सारतो. ही सवय गावात टोचणी झाली त्या चैतापासूनची आहे.

चैत मला पूर्वीही सोसायचा नाही. धड काम नाही, धड विसावा नाही. गहू-हरभरा घरात आलेला, शेतं उघडी पडलेली. दुपारी झळा सुटतात आणि उत्तरेचा सातपुडा धुरात ठेवल्यासारखा दिसतो. बाजाराला गेलेल्या गाड्यांमधला कापूस वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहिलेला असतो. थंडीत तो पांढरा असतो, चैतापर्यंत धुळीने मातकट होतो, तरी काटा त्याला सोडत नाही. कडुलिंबाचा मोहर अंगणात सांडतो. त्याचा वास गोड की कडू ते मला आजवर ठरवता आलं नाही. माणसांना तो वास आवडतो. मला तो आला की कुणाच्या तरी कपाळाला हात लावून पाहावंसं वाटतं.

वच्छीबाई माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती हातभर बांगड्या घालायची. घर अंधारं, मी नवी, लाजरी, कुणाकडे मान वर करून पाहायची नाही. पण बांगड्यांच्या आवाजावरून वच्छीबाई कुठे आहे ते मला कळायचं. जात्यावर असली की एक आवाज, भाकरी थापताना दुसरा, कमळला झोपवायला थोपटताना तिसरा. कमळ तिची मुलगी, तेव्हा अंगावर पिणारी. त्या आवाजाच्या मागे मागे मी या घरातली कामं शिकले.

मग भासऱ्यांना, वच्छीबाईच्या नवऱ्याला, शेतात पान लागलं, साप चावला. झाडपाल्याचं औषध आणेपर्यंत ते गेले. गावातल्या दोन विधवा म्हाताऱ्यांनी वच्छीबाईला मागच्या अंगणात नेलं आणि तिचे हात न्हाणीच्या दगडावर ठेवून बांगड्या फोडल्या. मी दाराच्या आड उभी होते. एक काच मनगटात रुतली आणि रक्त आलं, तेव्हा एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "हळू वं, लेकरू हाय ते अजून." ते ऐकून मला रडू फुटलं. वच्छीबाई रडली नाही. ती त्या काचांकडे पाहत होती.

त्यानंतर घरात तिचा आवाजच येईनासा झाला. ती मागे येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. मी वळायची आणि दचकायची. तिला वाईट वाटत असणार. पुढे पुढे माझ्याजवळ येताना ती मुद्दाम खाकरायची.

त्या चैतात आम्ही दोघी पऱ्हाट्या उपटायला शेतात जायचो. कापूस वेचून झालेल्या वाळक्या पऱ्हाट्या मुळासकट काढायच्या, मोळ्या बांधायच्या, वर्षभराच्या जळणाला रचून ठेवायच्या. नदीपलीकडच्या वस्तीवरून गिरजा मजुरीला यायची. मोठी बोलकी बाई होती. वच्छीबाईला ती एकटीच हसवू शकायची. "काऊन वं वच्छे, पऱ्हाटीवर राग काढून राह्यली काय? तिनं काय केलं तुवं?" असं काही तरी म्हणायची आणि वच्छीबाईच्या ओठांचा कोपरा हलायचा. गिरजा आपलं लहान पोर बरोबर आणायची आणि बांधावरच्या लिंबाखाली धडप्यावर निजवायची.

एक दिवस ते पोर सारखं कुरकुरत होतं. अंग तापलेलं, पाणीही घेईना. गिरजाची मजुरी बुडू नये म्हणून वच्छीबाईने तिचं काम थोडं आपल्याकडे घेतलं आणि मधून मधून पोराला मांडीवर घेऊन बसली. पदर ओला करून त्याचं तोंड पुसलं. त्याने तिच्या खांद्यावर मान टाकली होती, ते मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी गिरजा आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग वस्तीवरचा एक म्हातारा वाटेत भेटला. त्याने दुरूनच हात केला. "इकडं नोका येऊ बाप्पा. वस्तीवर माता आली. गिरजीच्या पोराच्या आंगावर उठली."

वच्छीबाईने हातातली मोळी खाली ठेवली आणि आपल्या खांद्याला हात लावून पाहिला. मी ते पाहिलं आणि मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

त्याच्या आधी गावात देवी डॉक्टर येऊन गेला होता. तो टोचायला यायचा म्हणून लोक त्याला देवी डॉक्टर म्हणायचे. लांबच्या गावचा तरुण माणूस होता, पुस्तकासारखं बोलायचा आणि बाईमाणसासमोर त्याला घाम फुटायचा. शाळेतली पोरं मास्तरांनी रांगेत उभी करून टोचून घेतली. प्रत्येकाला पेपरमिंटच्या गोळ्या मिळाल्या. कमळ शाळेत जात नव्हती, तरी पेपरमिंट पाहून ती रांगेत घुसली आणि टोचून घेऊन, रडून, गोळी चोखत घरी आली. पुरुषांनी चावडीवर बाह्या वर केल्या. बायकांचा मात्र पत्ता नाही. डॉक्टर गल्लीत शिरला की दारं लागायची. एक कडब्याच्या गंजीत शिरली, एक गोठ्यात म्हशीमागे बसली. मी कणगीच्या मागे उभी राहिले. त्याचे बूट ओट्यापर्यंत आले आणि परत गेले.

परक्या माणसासमोर चोळीची बाही वर करायची, आणि त्याने दंड धरायचा! तुरुंगात टाकलं असतं तरी आमच्या गावच्या बायकांनी केलं नसतं. शिवाय आमच्या सासूबाई होत्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना लहानपणी देवी आल्या होत्या आणि तोंडभर वण राहिले होते. त्यांचं म्हणणं, देवी म्हणजे घरी आलेली बाईच आहे. "आलेल्या बाईले बसाले पाट द्या लागते, पानी द्या लागते. सुईनं टोचून हाकलते काय कोनी तिले?" असं म्हणून त्या डॉक्टरच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे हात जोडायच्या. तो नमस्कार देवीला असायचा.

नदीपलीकडची बातमी ऐकून डॉक्टर परत आला, तेव्हा सरपंचांच्या बायकोला, पाटलीणबाईंना, एक युक्ती सुचली. गावातल्या बाईचा हात एकाच माणसासमोर बिनबोभाट पुढे होतो, बांगड्या भरणाऱ्या जैनबीसमोर. ती बाजारच्या दिवशी टोपली घेऊन यायची. गावातल्या प्रत्येक मनगटाचं माप तिच्या बोटांत होतं. मग पाटलीणबाईंनी दवंडी पिटवली. बाजारच्या दिवशी पाटलांच्या अंगणात जी टोचून घेईल तिला दोन्ही हात भरून बांगड्या, फुकट. बाईने तोंड जैनबीकडे करून बसायचं, पदर पुढे ओढायचा, डॉक्टर मागच्या बाजूला बसेल, त्याला फक्त दंड दिसेल.

गावाला हे फार पसंत पडलं. पुरुष पारावर बसून कुरकुरले, "आमाले तं सुकंच टोचलं. बिडीचं एक बंडल तरी द्या लागत होतं." बायका रंग ठरवू लागल्या. दवंडी ऐकताना मी ओट्यावर होते आणि माझ्या मागे, आवाज न करता, वच्छीबाई येऊन उभी होती. वळले तेव्हा दिसली. तिने दवंडी सगळी ऐकली होती. ती आत जाऊन चूल सारवायला बसली.

कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पाटलीणबाई वाईट नव्हत्या, डॉक्टर वाईट नव्हता. सगळ्यांना गावातल्या बायका मोजायला सांगितलं असतं तर त्यांनी बांगड्या भरणाऱ्याच मोजल्या असत्या. टोचणीचा कार्यक्रम बघता बघता सवाष्णींचा कार्यक्रम झाला. हळदीकुंकवाचं ताट आलं, गूळ-दाळवं वाटायचं ठरलं. आणि ज्या बाईने ते तापलेलं पोर मांडीवर घेतलं होतं तिला त्या अंगणात पाय ठेवायची सोय उरली नाही. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी पुढच्या गावी जाणार होता.

बाजारच्या दिवशी सकाळी आत्याबाई तिला म्हणाल्या, "तू घरीच राह्य बाई. सवाष्णीचं काम हाय ते." रागाने नाही, नेहमीसारखंच. वच्छीबाई "हाव" म्हणाली आणि सुपातली डाळ निवडत राहिली. कमळ माझ्या बोटाला धरून येऊ पाहत होती, तिला तिने जवळ ओढून घेतलं. जाताना मी मागे वळून पाहिलं. सुपातली डाळ ती केव्हाच निवडून झाली होती, तरी तिची बोटं तीच डाळ इकडून तिकडे करत होती.

पाटलांच्या अंगणात गर्दी मावत नव्हती. हिरव्या, लाल, मोरपंखी बांगड्या उन्हात चमकत होत्या. जैनबी मांडी घालून बसली होती, तोंडात पान, आणि एकेकीला ओढून घेत होती. "आ बेटी, बस. हात ढिला सोड. ढिला, ढिला! नवऱ्याच्या हातात देते तसा दे." हशा व्हायचा, बाई लाजायची आणि नेमकं तेव्हाच मागून डॉक्टर दंडावर लस लावून बारीक दात्यांचं एक चक्र फिरवायचा. बाई "माय वं" म्हणेपर्यंत जैनबीने तळहात दाबून बांगडी आत सरकवलेली असायची. मनगटाची कळ कुठली आणि दंडाची कुठली ते बाईला समजायचं नाही.

भागी नावाची एक धीट बाई उठताना म्हणाली, "मावा दुसरा दंडबी टोचा न. मोरपंखी राह्यल्या." डॉक्टर कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "ताई, एकदाच पुरतं." त्यावर सगळं अंगण हसलं.

आणि काय सांगू, आमच्या आत्याबाईही येऊन बसल्या होत्या. डॉक्टरने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला देवी येऊन गेल्या आहेत. तुम्हाला गरज नाही." आत्याबाईंचा चेहरा उतरला. "मंग बांगड्या?" असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की पाटलीणबाईंनाच दया आली. "भर वं जैनबी, बुढीले भर. तिनं तं आधीच टोचून घेतलं, मातेच्या हातून."

माझी पाळी आली. जैनबीने माझा हात हातात घेतला. मला चार लोकांत बोलता येत नाही. आजही येत नाही. पण जैनबीने हात धरला की तिचं तोंड आपल्या तोंडाजवळ येतं, वर दोघींचे पदर येतात, आणि तिथे एक एवढीशी जागा तयार होते. त्या जागेत मी बोलले. "मावशी, आमच्या वच्छीबाईचं काय?"

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. माझा तळहात असा आवळला की डोळ्यांत पाणी आलं. मागून दंडाला कळ लागली. बांगड्या भरून झाल्या तेव्हा तिने मोठ्याने हाक मारली, "हां, कोन हाय पुढं? आ जल्दी." मी उठले. तिने ऐकलं की नाही, काही कळेना. परत विचारायचा धीर नव्हता.

मी घरी निघाले. हातातल्या नव्या बांगड्या प्रत्येक पावलाला वाजत होत्या. घर जवळ आलं तेव्हा मी एका हाताने दुसऱ्या हाताच्या बांगड्या धरून ठेवल्या, मग हात बदलून दुसऱ्या. दोन्ही एकदम धरता येत नाहीत. ओट्यावर पाय ठेवला आणि त्या वाजल्याच. आतून वच्छीबाई म्हणाली, "हिरव्या घेतल्या न? मोरपंखी लवकर फुटते." मी आत गेले. ती खरोखर पाहायला पुढे आली. तिने माझा हात धरून बांगड्या फिरवून पाहिल्या आणि माझा दंडही पाहिला, लाल झालेला. "दुखलं काय?" मी नाही म्हणाले.

दुपारी ऊन चढलं. पुरुष बाजारात, आत्याबाई ओसरीवर पदर तोंडावर घेऊन झोपलेल्या. मी दर थोड्या वेळाने मागच्या दारी जायची, गल्ली पाहायची, परत यायची. वच्छीबाई म्हणाली, "काय करून राह्यली तू? बस न एका जागी." मी बसले आणि पुन्हा उठले.

मग मागच्या कुडाशी कुणी तरी खाकरलं. जैनबी होती, टोपली डोक्यावर. तिच्या मागे हातभर अंतर ठेवून डॉक्टर, पेटी घेऊन, मान खाली. "पानी पाज वं बेटी," ती मोठ्याने म्हणाली, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. आणि आत शिरून न्हाणीच्या दगडाशी बसली.

"वच्छा, इकडं ये. हात दे."

वच्छीबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "मले नाई वं जैनबी. मावा हात आता..."

"मी हात मागून राह्यली. नशीब नाई मागून राह्यली. दे."

ती येऊन बसली. हात पुढे केला, पण तो असा थरथरत होता की डॉक्टरला दंड धरता येईना. तो म्हणाला, "ताई, हलू नका, नाही तर नीट बसणार नाही." तो थरथर थांबेना. दोन वर्षं त्या हाताला कुणी असं धरलं नव्हतं. जैनबीने टोपलीत हात घातला आणि हिरव्या बांगड्या काढल्या. वच्छीबाईने हात मागे ओढला. मी ओसरीकडे पाहिलं. आत्याबाईंचा पदर श्वासाबरोबर वरखाली होत होता.

जैनबी हळू आवाजात म्हणाली, "घाबरू नोको. जशी चढवीन तशी उतरवीन. तुह्या अशाच मी उतरवून देल्ल्या असत्या. मले बोलावलं नाई कोनी त्या दिवशी."

वच्छीबाईने हात ढिला सोडला. एकेक बांगडी चढली. ते जुनं माप जैनबीच्या बोटांना पाठ होतं. काचेच्या जखमेचा पांढरा डाग बांगड्यांखाली झाकला गेला. तो ओळखीचा आवाज, किती दिवसांनी, आमच्या अंगणात आला. वच्छीबाई मनगटाकडे पाहत होती आणि मागून डॉक्टर चक्र फिरवत होता, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने एकदाच हात जरा हलवला. बांगड्या वाजल्या. मग ती थांबली.

"साबून आन वं," जैनबी मला म्हणाली. मी कपड्यांच्या साबणाचा तुकडा आणला. तिने वच्छीबाईचा पंजा फेसाने माखला, अंगठा आत दुमडला आणि एकेक बांगडी उतरवून दगडावर ठेवली, त्याच दगडावर. एकही फुटली नाही. वच्छीबाई तेव्हा रडली. कपड्याच्या साबणाचा हात डोळ्याला लागला, असं ती म्हणाली, पण हात तर जैनबीच्या हातात होता.

जैनबीने त्या बांगड्या परत टोपलीत ठेवल्या नाहीत. "टोचनीच्या हायत. तुह्या हिश्शाच्या," म्हणाली आणि चिंधीत बांधून तिच्या ओटीत टाकल्या. वच्छीबाईने ती चिंधी उतरंडीतल्या खालच्या मडक्यात ठेवली. डॉक्टरने पाणी पिऊन तांब्या पालथा केला आणि निघाला. जाताना मला म्हणाला, "ताप येईल त्यांना. दंड सुजेल. भिऊ नका."

भिऊ नका म्हणणं सोपं असतं. ताप आला. माझाही दंड सुजला होता, मलाही कणकण होती, पण मला त्याचं काही वाटलं नाही. वच्छीबाईचं अंग मात्र हात ठेववेना इतकं भाजत होतं आणि त्याच दिवशी नदीपलीकडून कळलं की गिरजाचं पोर गेलं. मग हा ताप कशाचा? टोचणीचा, की त्या पोराच्या अंगावरून आलेला? डॉक्टर कुठल्या गावी असेल कोण जाणे. मी तिच्याजवळ बसायची, उठायची, परत बसायची. तिचे तळहात पाहायची, तळपाय पाहायची. मानेवर घामोळ्या दिसल्या तर दिवा जवळ आणून त्या पुन्हा पाहायची. ती डोळे मिटूनच म्हणाली, "मी गेली तं कमळीची येनी तू घालत जाजो. तिले घट्ट आवडते." मी रागावले तिच्यावर. मोठ्या जावेवर मी तेवढीच एकदा रागावले असेन.

आत्याबाईंनी घरातली फोडणी बंद केली. माता आली असली की घरात फोडणीचा वास चालत नाही. दाराला लिंबाचा डहाळा लागला. सगळे अळणी वरण-भात खाऊ लागले, हळू बोलू लागले. आत्याबाई तिच्या उशाशी बसून म्हणायच्या, "बाई, आली तशी जा. लेकरू हाय तिच्या पदरात." तो आवाज इतका केविलवाणा होता की मला राहवेना. चुलीजवळ गाठून मी म्हणाले, "आत्याबाई, बाईले टोचलं हाय."

त्यांनी मान वर केली. "कोनं?"

मी सगळं सांगितलं. जैनबी, डॉक्टर, दगड, साबण. बांगड्या घातल्या हेही सांगितलं, उतरवल्या हेही. मी वाट पाहत होते की आता आकाश कोसळेल. त्या उठल्या. वच्छीबाईची बाही वर करून दंडावरचा टपोरा फोड पाहिला. मग उतरंडीपाशी गेल्या, चिंधी काढली आणि उजेडात नेऊन सोडली. प्रत्येक बांगडीच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठे तडा आहे का ते पाहत होत्या. तडा गेलेली बांगडी देवीला चालत नाही.

"अख्ख्या हायत," त्या म्हणाल्या. "चालतीन."

त्यांनी त्या ओच्यात घेतल्या आणि भर उन्हात, अनवाणी, गावाबाहेरच्या मातामायला वाहायला गेल्या. परत आल्या तेव्हा पाय भाजले होते. त्या पाय पोटाशी घेऊन वच्छीबाईजवळ बसल्या आणि तिच्या सुजल्या दंडावर फुंकर घालू लागल्या. त्यांच्या हातात त्यांच्या नव्या बांगड्या होत्या. त्या वाजू नयेत म्हणून त्यांनी त्या कोपराकडे सारून घट्ट बसवल्या होत्या.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. लिंबाचा वास आठवतो, अळणी भात आठवतो, सकाळी उठल्या उठल्या तिचं तोंड पाहणं आठवतं. तोंड रोज तसंच, स्वच्छ. दंडावरचा फोड पिकला, भरला, मग त्याच्यावर काळपट खपली धरू लागली. अंगावर दुसरं काही उठलं नाही. ताप उतरला तरी माझा विश्वास बसेना. मी विहिरीवरून धावत यायची आणि आधी तिला पाहायची.

एका संध्याकाळी मी मोळी घेऊन वाटेत होते आणि आमच्या घराकडून वास आला. जिरं, मोहरी, लसूण. मी जागीच थांबले. मग इतकी पळाले की मोळीतल्या पऱ्हाट्या वाटेत सांडल्या. आत्याबाई चुलीपाशी होत्या आणि वरणाला फोडणी दिलेलं भांडं चरचरत होतं. वच्छीबाई भिंतीला टेकून बसली होती, कमळची वेणी घालत. फोडणीच्या धुराने तिला ठसका लागला आणि आत्याबाई म्हणाल्या, "खोकल, खोकल. चांगलं हाय." एवढंच. नंतर त्यांनी कधी तो विषय काढला नाही, आम्हीही नाही.

जैनबी आता नाही. तिची सून टोपली घेऊन येते. आत्याबाई नाहीत. कमळच्या हातात सासरच्या बांगड्या आहेत. गिरजाने पुन्हा आमच्या शेतावर काम केलं नाही. बाजारात दिसली की वच्छीबाई तिच्याजवळ जाऊन उभी राहते.

आज दुपारी दवाखान्याचा एक माणूस गल्लीत आला. हातात देवी आलेल्या एका लहान पोराचं रंगीत चित्र होतं. असा रोगी कुठे पाहिला का, म्हणून तो दारोदारी विचारत होता, आणि टोचल्याच्या खुणा पाहत होता. इतकी वर्षं झाली तरी माझे पाय कणगीकडे वळले. वच्छीबाई पुढे गेली. तिने ते चित्र हातात घेतलं आणि पुष्कळ वेळ पाहिलं. "गिरजीचं पोर असंच होतं," ती म्हणाली. माणसाने घाईने विचारलं, "कुठं? कधी?" त्याला बक्षिसाचा रोगी सापडल्यासारखं वाटलं असावं.

"लई वर्सं झाले, बापू," ती म्हणाली. "आता नाई भेटनार तुले."

मग मनगटावरचा पदर बाजूला सारून, कुणी न सांगता, तिने बाही दंडापर्यंत वर केली. कातडीवर तो गोल, पांढरा, बारीक टिंबांचा वण उन्हात चांगला दिसत होता. माणसाने मान हलवली आणि पुढच्या घरी गेला. ती बाही तशीच वर ठेवून ओट्यावर बसून राहिली.

त्या चैतातल्या माझ्या बांगड्या वैशाखातल्या आखाजीपर्यंतही टिकल्या नाहीत. एक विहिरीच्या रहाटाला लागून फुटली, एक जात्यावर, बाकीच्या अशाच केव्हा तरी. पाटलांच्या अंगणात भरलेली एकही बांगडी आज गावात कुणाच्या हातात नसेल. मी चूल पेटवायला आत आले आणि दारातून पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तिचा उघडा दंड तसाच उन्हात होता. मी भाकर थापायला घेतली, आणि आज भाकर करपली नाही.